गाडी जिथून सुटते तिथून

बाबांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: कन्फर्म आणि वेटिंग. रायपूर स्टेशनच्या आरक्षण खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली. काचेखालून फॉर्म आत आला की मान वर न करताच ते सांगून टाकत, "हे नाही होत," किंवा "होऊन जाईन, बिनघोर राहा." ही सवय घरीही सुटत नसे. कॉलनीतल्या एखाद्या मुलीचं लग्न जमेल का, शेजाऱ्यांची बदली रद्द होईल का, सगळ्याला त्यांचं उत्तर त्याच भाषेत. त्यामुळे बारावीत मी एका भलत्याच कॉलेजात अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा माझा चान्स किती हा प्रश्न त्यांच्या खिडकीवर जाणारच होता.

कॉलेज दूर दक्षिणेत होतं, खासगी होतं, आणि फार थोड्यांना घेणारं होतं. बारावीनंतर थेट व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी. त्यांची एक लवकरची फेरी असे. बोर्डाच्या परीक्षेआधीच अर्ज करायचा, दिवाळीनंतर मुलाखत, आणि थंडीत निकाल. या फेरीत घेतलं तर मग दुसरीकडे कुठे जायचं नाही, एवढी अट. मेच्या नेहमीच्या फेरीत गर्दी तुफान असते, म्हणून शहाणी मुलं आधीच नंबर लावतात असं ऐकलं होतं. मी शहाणी होते का, हे मात्र सांगणारं कोणी नव्हतं.

आमच्या शाळेत हुशार मुलगी म्हणजे सायन्सची, आणि सायन्सची म्हणजे भिलाईच्या कोचिंगला जाणारी. माझी एकुलती एक मैत्रीणही तिकडेच राहायला गेली होती. मी आपण होऊन कॉमर्स घेतलं, तर लोक हळूच विचारत, "मार्क्स कम आए थे क्या?" या प्रश्नाला उत्तरं देऊन देऊन माझी जीभ चांगलीच तिखट झाली. खरं कारण सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं. शहर राजधानी झाल्यापासून आमच्याकडे रोज कुठेतरी नवं दुकान उघडत होतं, फीत कापली जात होती, आणि वर्ष सरायच्या आत निम्म्यांची शटरं पडत होती. गोल बाजारात मात्र भांड्यांची तीच जुनी दुकानं ठाण मांडून बसलेली. हे चालतं ते का चालतं आणि ते बुडतं ते का बुडतं, हे मला शिकायचं होतं. आणि दुसरं, जे मी स्वतःशीसुद्धा नीट बोलत नव्हते: मला त्या घरातून निघायचं होतं.

घर म्हणजे गुढियारीच्या बाजूचं रेल्वेचं क्वार्टर. आई मी दहावीत असताना गेली. ती होती तोवर घरात भरपूर मराठी होती. आई-बाबा दोघंही नागपूरकडचे. भांडण, थट्टा, भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार, सगळं त्यांच्या त्या मराठीत. मी दोघांनाही हिंदीत उत्तर द्यायचे. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. आमच्या कॉलनीतल्या सगळ्याच मराठी घरांत पोरं अशीच होती, कानाने मराठी आणि तोंडाने हिंदी. आई रोज दुपारी आरक्षण ऑफिसच्या फोनवर बाबांना एकच प्रश्न विचारायची, "जेवले का?" बाबा "हो" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. एवढ्यासाठी रोज फोन कशाला, असं मला तेव्हा वाटायचं.

ती गेल्यावर आम्ही दोघं राहिलो आणि बोलण्यासारखं काही राहिलं नाही. बाबा सकाळी डबा घेऊन जात, मी शाळेतून येऊन कुलूप उघडत असे. मागच्या मालधक्क्यावर मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत, तेवढाच घरातला आवाज. संध्याकाळी ते येत, मी वरण-भात लावलेला असे. "झालं का अभ्यास?" "हाँ." "भाजी बरी झाली." "हम्म." इथे आमचं संभाषण संपे. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, गणपतीला जाणं आईबरोबरच थांबलं. मी एकटी होते, आणि तसं म्हणायला कुणी मिळत नव्हतं म्हणून आणखीच एकटी होते.

तेव्हा मी अनोळखी लोकांना विचारायला लागले. इंटरनेटवर एक जागा होती, जिथे देशभरातली मुलं आपापली कुंडली मांडत: दहावीचे टक्के, अकरावीचे टक्के, वादविवाद, खेळ, समाजसेवा. खाली एकच प्रश्न, माझे चान्स सांगा. मोठ्या शहरांतल्या त्या पोरांनी सोळाव्या वर्षी कंपन्या काढल्या होत्या, अनाथाश्रमांत गणितं शिकवली होती. माझ्याकडे आंतरशालेय वादविवादातला दुसरा नंबर होता. तरी मी लिहिलं. उत्तरं आली. एकाने लिहिलं, तुझ्यासारख्या ढिगाने असतात. दुसऱ्याने मात्र लिहिलं, रायपूर हीच तुझी जमेची बाजू आहे. नवं राज्य, तिकडून अर्ज कमी येतात, यंदा कॉलेजने मुलाखतीचं केंद्र तिथेच उघडलंय, ते सोडू नकोस. हा दुसरा कोण, कुठला, काही माहीत नाही. पण त्या आठवड्यात माझ्याशी सगळ्यात जास्त तोच बोलला होता.

अर्जात मुलाखतीचं केंद्र निवडायचं होतं. जेवताना मी बाबांना सहज विचारलं, आणि आमच्या घरात काहीतरी घडलं. बाबांनी घास ताटात ठेवला.

"कोणते कोणते सेंटर आहेत?"

मी सांगितलं. रायपूर आहे, नागपूर आहे, पुढची मोठी शहरं आहेत.

"रायपूर नको टाकू," बाबा म्हणाले. "गाडी जिथून सुटते ना, तिथूनच तिकीट काढावं."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. गाडी जिथून सुटते त्या स्टेशनाला जागांचा मोठा कोटा मिळतो आणि मधल्या स्टेशनांच्या वाट्याला चार-दोन बर्थ येतात, हे त्यांनी खिडकीवर लाख वेळा समजावलं असेल. मुंबईकडे जाणाऱ्याला ते सांगत, तिकीट बिलासपूरहून काढा आणि चढण्याचं स्टेशन रायपूर टाका. त्या युक्तीने किती लोकांची वेटिंग टळली, किती लग्नं वेळेवर लागली. आता तेच ते माझ्या अर्जाला लावत होते.

"रायपूरले किती कोटा देतीन ते? दोन शिटा, तीन शिटा. नागपूर मोठं टेसन आहे. तिथून शंभर पोट्टे घेतले तर त्यात तू एक. मधल्या टेसनावर गाडी थांबली न थांबली."

"पापा, कॉलेज में ऐसा नहीं होता."

"तुले काय माहीत? कोटा सगळीकडे असते."

मग ते बोलतच राहिले. मधल्या स्टेशनांना मिळून असलेला पूल कोटा म्हणजे काय, कुठल्या गाडीची वेटिंग हलते आणि कुठली दगडासारखी बसून राहते, एका नवऱ्या मुलाला त्यांनी वरातीआधी कसा बर्थ मिळवून दिला. भात गार झाला. हातवारे करताना वरणाचा थेंब त्यांच्या बनियनवर पडला तरी त्यांना कळलं नाही. आई गेल्यानंतर मी त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांचं चुकतंय हे मला माहीत होतं. कॉलेज म्हणजे रेल्वे नाही हे सांगायला तोंडही उघडलं होतं. पण ते हसत होते. मी नागपूर टाकलं.

दिवाळी झाली आणि आम्ही बाबांच्या रेल्वे पासावर नागपूरला गेलो. मुलाखती एका कॉलेजच्या इमारतीत होत्या आणि आवार माणसांनी फुलून गेलं होतं. कोट घातलेली पोरं, फाइली घेतलेल्या आया, कपाळाला गंध लावलेले वडील. मी भिंतीला टेकून घाम पुसत होते आणि बाबा मात्र पाण्यात सोडलेल्या माशासारखे झाले. चारही बाजूंनी मराठी. ते एका अनोळखी गृहस्थाच्या शेजारी बसले आणि पाहता पाहता दोघांची गट्टी जमली. "कुठले तुम्ही?" "अरे, आमची सासुरवाडी तिकडचीच!" बाबा मांडीवर थाप मारून हसले. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटली ती भीती. हा माणूस असा हसतो, आणि आमच्या घरात त्याला हसवायला कोणी नाही, हे मला त्या आवारात, एवढ्या गर्दीत, लख्ख दिसलं.

आत तिघं होते. इंग्रजीत प्रश्नोत्तरं झाली, ती ठीक गेली. बंद पडणाऱ्या दुकानांबद्दल मी बोलले तेव्हा एकाने मान डोलावली. मग मधल्या बाईंनी कागद पाहून विचारलं, यंदा रायपुरात केंद्र होतं, तरी तू इथे का आलीस? मी खरं ते सांगितलं. वडील रेल्वेच्या आरक्षणात आहेत, ते म्हणतात गाडी जिथून सुटते तिथूनच तिकीट काढावं. तिघंही मोकळेपणी हसले. हसणं वाईट नव्हतं. मला वाटलं, जिंकलं.

बाईंचं हसू ओसरलं नव्हतं. त्या एकदम मराठीत म्हणाल्या, "मातृभाषा मराठी लिहिलीयस. मग मला मराठीत सांग, घरापासून इतक्या लांब का जायचंय तुला?"

प्रश्नाचा शब्दन् शब्द मला कळला. मी तोंड उघडलं. "मले..." एवढं आलं. पुढे काही येईना. इतकी वर्षं जे कानात भरत होतं ते जिभेवर यायला तयारच नव्हतं. शेवटी मी हिंदीत म्हणाले, "समझती हूँ, मॅम. बोल नहीं पाती."

"घरात कोण असतं?"

"पापा और मैं."

"ते तुझ्याशी कशात बोलतात?"

"मराठी में. मैं हिंदी में."

"मग त्यांच्याशी मराठीत कोण बोलतं?" त्यांनी विचारलं. आवाजात टोचणी नव्हती, नुसतं कुतूहल होतं. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

बाहेर बाबांनी डबा उघडून ठेवला होता. "काय विचारलं?"

"पढ़ाई का पूछा," मी म्हणाले. रायपूरला गेले असते तर हा प्रश्न मला कुणीच विचारला नसता. परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसून त्या गृहस्थाच्या गोष्टी सांगत राहिले आणि मी झोपेचं सोंग घेतलं.

थंडीत निकाल आला. हो नाही आणि नाहीही नाही. तुमचा अर्ज आम्ही पुढच्या, नेहमीच्या फेरीत पुन्हा पाहू. मी पडद्याकडे पाहत बसले. बाबांनी चष्मा लावून मला त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे आरएसी!"

"क्या?"

"आरएसी, आरएसी. पूर्ण बर्थ नाही, पण बसू तर देतात ना गाडीत. आरएसीवाल्याले कोणी खाली उतरवत नाही, पोट्टी. रात्रीतून होऊन जाते कन्फर्म."

त्यांनी जाऊन जिलेबी आणली. इंटरनेटवरच्या त्या जागेवर मी पुन्हा विचारलं, तर सगळ्यांनी तेच लिहिलं: पुढे ढकललेल्यांपैकी फारच थोडे आत जातात, दुसरीकडे बघ. तो जमेची बाजू सांगणाराही तेच म्हणाला, आणि वर लिहिलं, रायपूर केंद्र का नाही घेतलंस? त्याला काय सांगू? पुढे तोही दिसेनासा झाला.

तो हिवाळा मला आयुष्यात सगळ्यात लांब गेला. बोर्डाचा अभ्यास करायचा, जेवताना बाबांचं आरएसीचं पुराण ऐकायचं आणि मान हलवायची. त्यांना खात्री होती, मला नव्हती, आणि आम्ही एकाच ताटाशी बसून दोन वेगळ्या गोष्टींची वाट पाहत होतो. एखाद्या रविवारी नव्या रायपूरला जाणाऱ्या बसने मी उगाच फेरी मारून यायचे. सहा पदरी रस्ते, नवेकोरे दिवे, चकचकीत इमारती आणि माणूस औषधाला नाही. खिडकीशी बसून मी चान्स मोजायचे, पण आता प्रवेशाचे नाही. मी गेले तर बाबा जेवतील का, त्याचे. मला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. आणि नाही झालं तर बरं, असंही वाटायचं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही ऐकायला कुणी नव्हतं.

बोर्डाचे पेपर झाले, आणि मेच्या उन्हात एका दुपारी पत्र आलं. घेतलं होतं. मी धावत स्टेशनवर गेले. खिडकीपुढे रांग होती. मी रांगेतच उभी राहिले, नंबर आल्यावर काचेखालून बोलले, "पापा, हो गया."

बाबांनी आधी मान वर केली नाही. मग केली. "चार्ट लागला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "म्हटलं नव्हतं तुले?" असं म्हणून ते शेजारच्या खिडकीवाल्याला, रांगेतल्या लोकांना, सगळ्यांना सांगत सुटले. मागचा माणूस घड्याळ बघत होता. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "नेक्स्ट."

फीचं त्यांनी आधीच ठरवलं होतं, त्यावर बोलायचं नाही हेही ठरवलं होतं. गोल बाजारातून त्यांनी मला स्टीलचं ताट आणि पेला आणला. आमच्याकडे भांड्यावर नाव कोरून घेतात. ताट उलटं करून पाहिलं तर माझ्या नावाऐवजी कोरलं होतं, रायपूर. "चढण्याचं टेसन माहीत पाहिजे," ते म्हणाले. निघायच्या दिवशी माझा बर्थ अर्थातच कन्फर्म होता, खालचा. गाडी हलली तेव्हा ते फलाटावर हात न हलवता उभे होते. त्यांच्या मागे कोणीच नव्हतं.

वसतिगृहात मी बरी रुळले. रविवारी दुपारी फोन करायचे. बाबा मराठीत विचारत, मी हिंदीत सांगत असे, नेहमीसारखं. पावसाळा गेला. मग एका रविवारी बाबा म्हणाले, "हाँ बेटा, सब ठीक है. खाना खा लिया." मी दचकले. ते माझ्याशी जन्मात हिंदी बोलले नव्हते. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. दिवसभर खिडकीवर हिंदी, बाजारात हिंदी, घरी कोणी नाही. एक मी होते फोनवर, तीही हिंदीत. नागपूरच्या त्या बाईंचा प्रश्न मला तेव्हा लागला. मी गच्चीवर गेले आणि रडले.

पुढचा आठवडाभर मी सराव केला. आंघोळ करताना, पायऱ्या चढताना, पुटपुटत. मुली हसायच्या. दोनच शब्द होते, पण तेसुद्धा माझ्या तोंडात परक्यासारखे वागत होते. रविवारी नंबर लावला. पलीकडे मालधक्क्याचा तोच आवाज.

"हॅलो?"

"जेवले का?" मी विचारलं.

मला वाटलं, फोन कटला. डबे आपटल्याचा आवाज येत होता, म्हणजे कटला नव्हता.

"कोन बोलून राहिलं?" शेवटी बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मी आहे, बाबा."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"नाही जेवलो अजून," ते म्हणाले. "पुन्हा विचार बरं एक डाव."

मी पुन्हा विचारलं.